करंगळीची कड

"हा पाय नाहीये," मामा म्हणाले आणि हातातला कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"मग काय आहे?" भाची हॉलच्या दुसऱ्या टोकाला शिडीवर उभी राहून खोक्यांवर नंबर लिहीत होती. ती मागे वळलीसुद्धा नाही.

"हातपंखा आहे. नाहीतर बदकाचं पाऊल. माणसाच्या पोराची बोटं अशी फाकलेली नसतात."

समोर बसलेल्या नर्सबाईंनी कागद उलटा करून पाहिला. "मला तर पायच दिसतोय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही आयुष्यभर इंजेक्शनं दिलीत. पाय कधी बघितले?"

नर्सबाईंनी हे मनाला लावून घेतलं नाही. मामांच्या बोलण्याचं वाईट वाटून घ्यायचं ठरवलं असतं, तर त्या हॉलमध्ये आठवडाभरही कोणी टिकलं नसतं.

मुलांचे पाय वाढतात आणि बूट वाढत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर भाचीची संस्था उभी होती. बंद पडलेल्या छापखान्याचा लांबलचक हॉल तिने मिळवला होता आणि शहरभरातले लोक आपल्या मुलांना आखूड झालेले बूट तिथे आणून टाकत. काही बुटांच्या तळव्याला अजून मातीही लागलेली नसे, काहींची टाच झिजून पार गेलेली असे. त्यांच्या जोड्या लावायच्या, फाटके बाजूला काढायचे, उरलेले औषधाच्या पाण्यातल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसायचे आणि गोण्यांत भरून जहाजाने पाठवायचे. जिथे मुलं अनवाणी शाळेत जातात, अशा कुठल्या कुठल्या देशांत ते पोचत. पुसण्याचं काम नर्सबाईंचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण बूट हातात घेताना त्यांचा चेहरा अजून वॉर्डातलाच असायचा.

आणि मापाचं काम मामांचं. बेचाळीस वर्षं ते एका मोठ्या बुटांच्या दुकानात मुलांच्या विभागात होते. एका बुटक्या स्टुलावर बसायचं, समोर आलेलं पाऊल लाकडी मापपट्टीवर ठेवायचं, सरकती पट्टी अंगठ्याला टेकवायची आणि आईने सांगितलेला नंबर ऐकून न ऐकल्यासारखं करून योग्य तो बूट आणायचा. पुढे पुढे तर मापपट्टीही त्यांना लागेनाशी झाली. पोरगं दारातून आत येईपर्यंत मामांच्या डोक्यात नंबर तयार असायचा. नात्यातल्या एका लग्नात नवरदेव आत येताना ते मामीच्या कानात कुजबुजले होते, "आठ नंबरचा घातलाय. पाय साडेआठचा आहे. संध्याकाळी चेहरा बघ." संध्याकाळी नवरदेवाचा चेहरा खरोखरच बघण्यासारखा झाला होता, आणि मुलीकडचे उगाचच मानपानावरून काही चुकलं का, म्हणून घाबरले होते.

दुकान बंद झालं तेव्हा मामा घरी बसले आणि दोन महिन्यांत मामीचा जीव मेटाकुटीला आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते नंबर सांगत, दूधवाल्याला टाच कशी टेकवावी ते शिकवत. शेवटी मामीनेच भाचीला फोन केला. "तुझ्या मामाला घेऊन जा. तुझ्याकडे बूट आहेत, याच्याकडे तोंड आहे. जमेल तुमचं."

जमलं. आल्या आल्या मामांनी पहिली गोष्ट केली, ती म्हणजे भाचीची गोण्यांची पद्धत मोडीत काढली. "वयावरून अंदाजाने बूट पाठवता? अंदाजाने औषध पाठवाल का?" असं त्यांनी नर्सबाईंच्या देखत विचारलं, आणि नर्सबाईंनी त्यांचीच बाजू घेतली. मग ठरलं, की शाळांना कळवायचं. प्रत्येक मुलाला कागदावर उभं करा, पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि तो कागद पाठवा. इथे प्रत्येक कागदाला त्याचा बूट शोधला जाईल. अशी कल्पना आजवर कोणाला सुचली नव्हती, असं मामांचं म्हणणं होतं. ते खरं असो वा नसो, त्या दिवसापासून ते घरी जाताना थोडे ताठ चालू लागले.

पहिल्या शाळेचे दोनशे चौदा कागद आले. समुद्रापलीकडची, डोंगरातली शाळा. तिथल्या बाईंनी लिहिलं होतं, की मुलं दीड तास चालून येतात, वाटेवर धारदार दगड आहेत आणि पावसाळ्यात तिथल्या मातीतून एक बारीक किडा तळव्यातून अंगात शिरतो. कागदांवर पावलाच्या रेघेच्या आत नावं होती, पण ती लिपी इथे कोणाला वाचता येत नव्हती. वय तेवढं आकड्यात होतं. आणि त्या दोनशे चौदा कागदांवरची सगळीच्या सगळी बोटं फाकलेली होती. अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे, मधली तिघं ऐसपैस. टाच मात्र लहान आणि नेमकी.

मामांनी चार दिवस कागद चाळले आणि निकाल दिला. "पेन्सिल तिरपी धरलीय त्या बाईने. पेन्सिल उभी धरायची असते. तिरपी धरली की रेघ पायाच्या बाहेर पडते. आमच्या दुकानात नवी मुलगी लागली की पहिल्या दिवशी हीच चूक. मी किती जणींना हातावर फूटपट्टी मारून शिकवलंय."

"मग आता? परत मागवायचे?" भाचीने विचारलं.

"कशाला? मी आहे ना."

ते कात्री घेऊन बसले. प्रत्येक पाऊल रेघेवरून कापायचं, मग करंगळीच्या बाजूने एक नखभर कड उतरवायची, अंगठ्याकडून थोडीशी, आणि जे उरेल तो कागद बुटात आतल्या सोलवर सरकवून बघायचा. कागद न दुमडता बसला की बूट त्या मुलाचा; कागद आतच राहू द्यायचा, म्हणजे तिकडे नाव वाचून बूट वाटता येतील. पावलं कशी झटपट शहाण्यासारखी दिसू लागली. हे असे पाय मामांच्या ओळखीचे होते, रोज दुकानात येणारे. कापलेल्या बारीक कडा शेजारी नर्सबाईंकडे जात. कागद वाया घालवणं नर्सबाईंना जन्मात जमलेलं नव्हतं. त्या ती कड गुंडाळून त्याच बुटाच्या पुढच्या टोकात कोंबून ठेवत, म्हणजे गोणीत बूट चेपत नाही. दोघांचा हात इतका बसला होता, की इकडे कात्री मिटायची आणि तिकडे बूट उघडा तयार असायचा.

दोनशे चौदा जोड रवाना झाले.

तीन महिन्यांनी एका सोमवारी तिकडून फोटो आला. शाळेच्या अंगणात चार रांगांत मुलं उभी, सगळ्यांच्या पायात बूट, सगळ्यांचे दात दिसताहेत. भाचीने लगेच तो फोटो मोठा करून आणला आणि भिंतीवर लावला. येत्या रविवारी देणगीदार हॉल बघायला येणार होते, त्यांना दाखवायला याहून चांगलं काय असणार? त्याच डोंगरातल्या दुसऱ्या शाळेचे एकशे साठ जोडही तयार होते. मामांच्या कात्रीखालून गेलेले, नर्सबाईंनी पुसलेले, गोण्यांत शिवलेले. शुक्रवारी त्यांचा कंटेनर सुटायचा होता.

सगळ्यांचं बघून झाल्यावर मामा फोटोजवळ गेले. खिशातलं भिंग काढलं. लोक चेहरे बघतात, मामा पाय बघणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाचीने नर्सबाईंना डोळा मारला. आता अर्धा तास कौतुक ऐकायचं, अशा तयारीने दोघी चहा घेऊन बसल्या.

पण भिंग पहिल्या रांगेवरून सरकत सरकत शेवटच्या मुलापर्यंत गेलं, परत आलं, दुसऱ्या रांगेवर गेलं.

"मामा, चहा गार होतोय."

"भोक आहे," मामा म्हणाले.

"कशाला?"

"बुटाला. करंगळीपाशी."

भाची उठून आली. खरंच होतं. पांढऱ्या बुटाच्या बाहेरच्या कडेला, बरोबर करंगळीच्या जागी, एक लांबट खिडकी पाडलेली होती. शेजारच्या काळ्या बुटालाही. त्याच्या शेजारच्यालाही. फाटलेलं नव्हतं, पात्याने नीट कापलेलं होतं, आणि त्या प्रत्येक खिडकीतून एक करंगळी बाहेर डोकावत होती.

"लहान मुलं आहेत रे," भाची म्हणाली. "काहीतरी खेळत असतील."

"मी सदतीस मोजले. सदतीस पोरं एकाच जागी खेळत नाहीत."

विषय बदलावा म्हणून भाचीने फोटोबरोबर आलेलं तिथल्या बाईंचं पत्र काढलं आणि मोठ्याने सांगायला लागली. मुलं रोज बूट घालून येतात, जखमा कमी झाल्या आहेत, सगळ्यांनी नमस्कार सांगितला आहे. "आणि शेवटी एक गंमत आहे. बाई म्हणतात, एक विचारायचं राहिलं. प्रत्येक बुटात पुढे कागदाची एक वाकडी पट्टी होती. मुलांनी त्या सगळ्या जपून ठेवल्यात. एक नऊ वर्षांची मुलगी म्हणते, की हिच्या कडेला माझ्या करंगळीची रेघ आहे. तिने पट्टी जमिनीवर ठेवून पायाला लावून दाखवली, तर बरोबर बसली. मग सगळ्यांनी आपापली लावून बघितली, सगळ्यांची बसली. ही तुमच्याकडची काही पद्धत आहे का? ऐकलंत ना नर्सबाई, तुमचे बोळे जपून ठेवलेत त्यांनी."

नर्सबाई हसल्या, आणि मामांकडे बघून हसायच्या थांबल्या.

मामा अजून फोटोपाशीच होते. त्यांना दिसत होती फक्त टाच. दोनशे चौदा कागदांवरची ती लहान, नेमकी टाच, जी त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिली होती आणि पाहून सोडून दिली होती. पेन्सिल तिरपी असती, तर रेघ टाचेलाही बाहेर पडली असती. टाचेला उभी आणि बोटांना तिरपी पेन्सिल कोण कशी धरेल? त्या बाईने पेन्सिल उभीच धरली होती. पाय तसेच होते.

"मला जरा बरं वाटत नाहीये," असं म्हणून ते दुपारीच घरी गेले.

मामी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मामा येऊन समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कात्री, कड, खिडक्या, ती मुलगी. मामीने एकही घडी न थांबवता ऐकून घेतलं.

"हे कोणाला माहीत आहे?" तिने विचारलं.

"कोणालाच नाही. भाचीला वाटतंय पोरांनी खेळ केला. मी काही बोललो नाही, तर शुक्रवारी गोण्या जातील, रविवारी लोक येतील, टाळ्या होतील."

"आणि तिकडची पोरं?"

"ती कापतील. पातं काढतील आणि कापतील. तक्रार कोण करतंय."

मामीने शेवटचा टॉवेल बाजूला ठेवला. "तुम्ही घाबरता कशाला? तुमचं कोणाला काय देणं आहे?"

"अगं, मला एवढी एकच गोष्ट येते," मामा म्हणाले. "दुसरं काहीसुद्धा येत नाही. बँकेचा फॉर्म तू भरतेस, बल्ब तू बदलतेस. मी उद्या त्या दोघींसमोर उभं राहून सांगू, की मला पाय ओळखता येत नाही?"

मामीने उठून चुलीवर पाणी ठेवलं. "येत नाही असं नका सांगू," आतून ती म्हणाली. "आजपर्यंत बघितला नव्हता, असं सांगा. ते खरं आहे."

मंगळवारी सकाळी हॉल उघडायच्या आधी मामा दारात उभे होते. भाचीने कुलूप काढेपर्यंत त्यांना धीर नव्हता. तिथेच, उंबऱ्यावर, त्यांनी सांगून टाकलं.

भाची म्हणाली, "तू कापलेस? पोरांचे पाय कापलेस मामा?"

"कागद..."

"कागद नाही. त्यांनी पाय पाठवले होते. तुझ्याच सांगण्यावरून पाठवले होते." तिचा आवाज चढला. "एकशे साठ जोड शिवून ठेवलेत मी. शुक्रवारी कंटेनर आहे. आता मापं कुठून आणू? कागद तर तू कापून बसलास. परत मागवायचे, तर पावसाळा येईल तिकडे. तो किडा थांबणार आहे का तोवर?"

मामा मान खाली घालून उभे होते. भाचीला लहानपणी पहिले बूट त्यांनीच घातले होते, आणि आज पहिल्यांदाच ती त्यांच्याशी अशी बोलत होती. बोलत होती ते बरोबरच होतं. त्यांनी एकाही वाक्यात मध्ये तोंड घातलं नाही.

नर्सबाई मागून येऊन कधी उभ्या राहिल्या, ते दोघांनाही कळलं नाही. "कडा आहेत की," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"बुटात. ज्याची कड त्याच्याच बुटात. मी काय इकडचं तिकडे करते का कधी?"

त्या क्षणी मामांना त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. नर्सबाईंनी तेही करू दिलं नसतं. त्या पदर खोचून थेट गोण्यांकडे गेल्या आणि त्यांनी पहिलं शिवण उसवलं.

मग तीन दिवस त्या हॉलमध्ये जे झालं, ते करणाऱ्या तिघांनाही पुढे नीट सांगता आलं नाही. बूट काढायचा, आतला पाऊलकागद बाहेर घ्यायचा, टोकातला बोळा उलगडायचा, बोटाने सपाट करायचा, आणि कागदाच्या कडेला लावून मागून चिकटपट्टी मारायची. काम एवढंच. पण प्रत्येक वेळी कड जागेवर बसली, की टेबलावरचं ते दुकानातलं शहाणं पाऊल नाहीसं व्हायचं आणि तिथे दुसरंच काहीतरी उघडायचं. बोटं श्वास घेतल्यासारखी सुटी व्हायची. करंगळी आपल्या जागी जाऊन बसायची. दगडावर धरून ठेवायला, चिखलात रुतायला, उतारावर अडवायला जिथे असायला हवी, बरोबर तिथे.

पहिल्या दिवशी मामा घाईत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात मंदावला. एका सात वर्षांच्या मुलाचा कागद पुरा झाल्यावर त्यांनी तो खिडकीतल्या उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"काय झालं?" भाचीने विचारलं. तिचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण काम करता करता पातळ झाला होता.

"बेचाळीस वर्षं," मामा म्हणाले, "मी रोज पाय बघत होतो असं मला वाटायचं. ते पाय नव्हते गं. आम्हीच विकलेल्या बुटांनी केलेले आकार होते. पोरगं दोन वर्षांचं असताना आम्ही त्याला टोकदार बूट घालायचो, आणि चार वर्षांचं झालं की त्याचा पाय टोकदार म्हणून तसाच बूट द्यायचो. आणि मी म्हणायचो, बघा, कसा फिट बसला." "हा बघ पाय. हा असा असतो. असा जन्माला येतो माणूस. मी सदुसष्ट वर्षांचा झालो आणि आज बघतोय."

नर्सबाईंनी फडकं खाली ठेवलं आणि त्याही बघायला आल्या. तिघंही त्या कागदाकडे पाहत उभी राहिली. कोणा एका सात वर्षांच्या पोराने तो समुद्रापलीकडे कधीतरी एका सकाळी पायाखाली घेतला होता आणि गुदगुल्या होऊ नयेत म्हणून दम धरून उभा राहिला होता. टाचेपाशी धुळीचा डाग होता. मामांनी तो पुसू दिला नाही.

रुंद बूट शोधणं सोपं नव्हतं. हॉलमध्ये चार हजार जोड होते आणि त्यातले बहुतेक पुढे निमुळते. मामांनी ढीग उपसला. पुढून उघड्या सँडल काढल्या, नाडीचे ढगळ कॅनव्हासचे बूट काढले. काहींचे आतले सोल उपटून जागा केली. जुन्या दुकानातले लाकडी फर्मे, म्हणजे बूट ताणायचे पायाच्या आकाराचे ठोकळे, ते घरून घेऊन आले. ओलं फडकं घालून, फर्मा ठोकून चामडं रात्रभर ताणत ठेवलं. पूर्वी तेच फर्मे त्यांनी ठोकले असते आणि बढाई मारली असती. आता ते प्रत्येक बुटात कागद घालून बघत आणि करंगळी जरा जरी वर दुमडली, तरी बूट मागे टाकत.

शुक्रवारी दुपारी कंटेनरसाठी ट्रक आला, तेव्हा त्र्याण्णव जोड झाले होते. सदुसष्ट कागद टेबलावर शिल्लक होते.

"ते जुनेच पाठवूया का?" भाचीने विचारलं. "काही नसण्यापेक्षा? खिडकी पाडून तर पाडून, पण तळवा तर झाकेल. किडा तर शिरणार नाही."

जिला सहा महिन्यांपूर्वी मामांनी अंदाजाने बूट पाठवू नकोस म्हणून चारचौघांत झापलं होतं, तिचं म्हणणं आता खरं होतं, आणि ते ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता. शेवटी त्यांनी कात्री घेतली. सदुसष्ट जोडांच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या जागी, त्यांनी स्वतः खिडक्या पाडल्या. तिकडे पोरांनी पाडल्या होत्या तशाच. फक्त कडा दुमडून टाके घातले, म्हणजे टोचणार नाहीत. बेचाळीस वर्षांत त्यांनी चांगल्या बुटाला कधी साधा ओरखडाही उठू दिला नव्हता. ट्रकवाला दोनदा हॉर्न वाजवून थकला आणि गोण्यांवर बसून राहिला.

"एक चिठ्ठी घाला," नर्सबाई म्हणाल्या. "त्या पहिल्या शाळेच्या नावाने. पट्टी कशाची होती, ते विचारलंय त्यांनी. उत्तर द्यायला हवं."

"मला लिहिता येत नाही असलं काही."

"मग?"

मामा स्टुलावर बसले आणि त्यांनी नाड्या सोडल्या. काळे, चकचकीत, पुढे निमुळते बूट. दुकानाचा नियम होता, विकणाऱ्याचा बूट आधी बघतात. मग मोजे काढले. नर्सबाईंनी जमिनीवर एक मोठा कागद पसरला आणि मामा त्यावर उभे राहिले. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी पेन्सिल फिरवली. उभी धरून.

मामा बाजूला झाले आणि त्यांनी खाली बघितलं. पाचही बोटं एकमेकांत शिरली होती. अंगठा आत वळलेला, करंगळी शेजारणीच्या खाली गेलेली. रेघेवरून ती कळतच नव्हती.

मामांनी कागदाच्या कोपऱ्यात वय लिहिलं, सदुसष्ट, आणि भाचीला सांगितलं, "खाली लिही. पट्टी मी कापली. पाय तुमचे बरोबर आहेत. चूक माझी होती. हा माझा पाय."

रविवारी देणगीदार आले. भाचीने फोटो भिंतीवरच ठेवला आणि त्या खिडक्यांची गोष्ट सगळ्यांना सांगितली. काही जण अवघडले. एका बाईंनी घरी जाऊन पोराचे रुंद सँडल आणून दिले. मामा त्या दिवशी आले नव्हते.

पावसाळा लागता लागता उत्तर आलं. भाची वाचत होती, मामा फर्म्यावर एक बूट चढवत होते.

"बाई म्हणतात, दुसऱ्या शाळेला बूट पोचले, चांगले बसले. शिवलेल्या खिडक्या तिथल्या मुलांना आवडल्या, आता इकडची मुलंही तसेच टाके घालून मागताहेत." ती हसली, आणि पुढे वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. "तुझा कागद त्यांनी वर्गात लावलाय. मुलं सारखी त्याच्यापाशी जातात. मग त्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं, की या आजोबांच्या पायाला काय झालं? बाईंनी सांगितलं, काही नाही झालं, ते बूट घालतात. तर कोणाचा विश्वास बसेना. मुलं म्हणतात, आजोबांना विचारा, दुखतं का?"

मामा फर्मा ठोकायचे थांबले.

"काय कळवू?" भाचीने विचारलं.

"लिही, काही दुखत नाही. मोठ्या माणसाचे पाय असेच असतात."

भाचीने पेन उघडलं. नर्सबाई फडकं पिळत होत्या. बाहेर रस्त्यावर शाळा सुटली होती आणि पोरांचे बूट फरशीवर आपटत चालले होते. मामांनी पहिल्यांदाच त्यातल्या एकाचाही नंबर ओळखला नाही.

"थांब," ते म्हणाले. "ते नको लिहूस. त्यांनी खरं माप पाठवलं होतं."

"मग?"

"दुखतं, असं लिही."

भाचीने ते लिहिलं. मामांनी ते स्वतः वाचून बघितलं, मान हलवली, आणि टेबलावरचा पुढचा कागद ओढून घेतला.